चकचकीत हाड

शरीररचना विभागातल्या सरांनी तीन महिने खपून बकऱ्याच्या मांडीचं एक हाड तयार केलं होतं. हाडावरचं आवरण निम्मं सोलून उलगडलेलं, निम्मं जागच्या जागी, आणि खाली सुवाच्य चिठ्ठी. असा नमुना दुसऱ्या कुठल्या कॉलेजात नाही, हे सर रोज कुणाला तरी गाठून ऐकवत. विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर कोण बसणार हे उद्या तपासणीला येणारे साहेब ठरवणार होते.

विभागातले शिपाई, म्हणजे सगळ्यांचे मामा, सत्तावीस वर्षं हाडं उकळून, खरवडून लख्ख करत आले होते. मागे एका हाडावर नखाएवढा पापुद्रा राहिला म्हणून सरांनी त्यांना भर वर्गात झापलं होतं. त्यामुळे "उद्या सगळं स्वच्छ दिसलं पाहिजे," असं सर म्हणताच मामांनी आदल्या दिवशीच बाह्या सरसावल्या.

सकाळी सरांना टेबलावर हाड दिसलं. असं चकचकीत हाड त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. सोललेलं आवरण कुठं पडलंय का म्हणून ते टेबलाखाली वाकले, आणि तेवढ्यात साहेब दारात हजर.

साहेबांनी चिठ्ठी वाचली, हाड उलटसुलट केलं. "आवरण कुठंय?"

फार पातळ असतं, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, अशी सरांनी ठोकून दिली. साहेबांनी निवांतपणे खिशातून भिंग काढलं. सरांनी मग औषधात ठेवल्यानं ते पारदर्शक झाल्याचा शोध लावला. साहेबांनी हाडावरून नख फिरवलं आणि म्हणाले, राहू दे, निदान त्याचं काम तरी सांगा. विद्वान चिठ्ठीवरची धूळ पुसू लागले.

मामांना राहवेना. "साहेब, ते मी खरवडलं. सरांचा दोष नाही. वरचा थर चिवट असतो, आतला मऊ. सांध्याच्या टोकांना तो नसतोच, तिथं मला कधी सुरी लावावी लागत नाही. स्नायू जिथं धरतात तिथं मात्र जीव काढतो. कोवळ्या हाडावरनं मोज्यासारखा निघतो, कारण हाडाची जाडी त्याच्यातनंच वाढते. खाली बारीक भोकं असतात, रक्त तिथनं आत जातं. मोडलेलं हाड सांधायलाही तोच धावतो."

साहेबांनी भिंग खिशात ठेवलं. मग त्यांनी अहवालात लिहिलं: ज्यांचा शिपाई इतका तयार, ते सर किती थोर असतील.

सर विभागप्रमुख झाले. नव्या खुर्चीवरून त्यांनी पहिली सही मामांच्या मेमोवर केली: मौल्यवान नमुन्याची नासधूस, लेखी खुलासा द्यावा. मामांना वाईट वाटलं. त्यांनी कागद उलटला, तर मागे पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: 'खुलाशासोबत साहेबांना जे सांगितलंत तेही सविस्तर लिहून द्या. सोमवारी मला त्यावर तास घ्यायचा आहे.'