बाद यादी

पोस्टमास्तरांच्या पत्राला सतरा दिवस झाले तरी ग्रंथपालांनी उत्तर लिहिलं नव्हतं. दोघं एकमेकांचे साडू. घरात फोन असूनही पोस्टमास्तर पत्रच लिहीत. फोन करणं म्हणजे आपल्याच खात्याशी बेइमानी, असं त्यांचं मत होतं. पत्र तसं साधंच होतं. ‘आमच्या चिरंजीवांना बासष्ट टक्के पडले. आपल्या कन्येला एकसष्ट, असे समजले. म्हणजे दोघांची गत एकच. आपण वाचणारे, चौकशी करणारे. इंजिनिअरिंगची कोणती कॉलेजे कोणत्या क्रमाने भरावीत, ते चार ओळींत कळवावे.’

ग्रंथपालांनी चार वेळा कागद घेतला आणि चारही वेळा पेन ‘सा. न. वि. वि.’पाशी थांबलं. लग्नापासून हा माणूस त्यांच्या एक पाऊल पुढे होता. उंचीनं पुढे, बढतीत पुढे, आणि सासूबाईंच्या तोंडी तर उठता-बसता त्याचंच नाव. आता पोरगंही एका टक्क्यानं पुढे. आणि वर आपण केलेली चौकशी याला आयती हवी.

चौकशी मात्र त्यांनी खरोखरच केली होती. महिनाभर प्रत्येक सुट्टीत जाडजूड वही घेऊन, लेकीला, म्हणजे बिट्टीला, सोबत घेऊन ते कॉलेजं पाहत हिंडले होते. नावाजलेली कॉलेजं एकसष्ट टक्क्यांना फाटकाच्या आत घेत नव्हती आणि काही कॉलेजं फाटकाबाहेर येऊन हाताला धरून आत ओढत होती. या दोन टोकांच्या मधलं काहीतरी शोधायचं होतं.

नोंदी ठेवण्याची त्यांची पद्धत वाचनालयातली. चांगली पुस्तकं वाचकांकडेच असतात, त्यांची वेगळी यादी कोण करतो? यादी करायची ती काढून टाकायच्या पुस्तकांची. ती वर मंजुरीला जाते, म्हणून ती सुवाच्य हवी, क्रमवार हवी; जे सगळ्यात आधी घालवायचं ते पहिल्या क्रमांकावर. मथळा घालायचा तो मंजुरी आल्यावर. तशीच आठ नापसंत कॉलेजांची यादी वहीत मोत्यासारख्या अक्षरात उतरली होती. पसंत पडलेली कॉलेजं तीन शर्टांच्या खिशांत चिठ्ठ्यांवर होती.

पहिल्या क्रमांकावर नदीपलीकडचं कॉलेज. तिथे गेले तेव्हा प्राचार्य खोलीत नव्हते. शोधत शोधत वर्कशॉपमध्ये गेल्यावर एका यंत्राखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, ते प्राचार्यांचे. ते सरपटत बाहेर आले आणि पंजा ग्रीसनं माखलेला म्हणून त्यांनी हस्तांदोलनाला कोपर पुढे केलं. ‘जिथे प्राचार्यच जमिनीवर, तिथे विद्यार्थी आणखी किती खाली जाणार,’ असं म्हणत ग्रंथपालांनी वही उघडली. बिट्टीला त्या यंत्राखालून बाहेर काढायला पाऊण तास लागला.

फॉर्म भरायची मुदत उद्यावर आली आणि ग्रंथपालांचा धीर सुटला. साडूनं काय भरलंय, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडेना. वर्षभर घरात पडलेली पोस्टमास्तरांची छत्री उचलून ते निघाले.

“या, साडूभाऊ. छत्रीची एवढी काय घाई होती?”

“नाही, म्हटलं तुमची अडचण नको. फॉर्म भरला असेल ना?”

“सकाळीच. यादी टेबलावर आहे बघा, काचेखाली. मी चहाचं सांगतो.”

पोस्टमास्तर आत गेले. ग्रंथपाल काचेवर वाकले. पहिलं, नदीपलीकडचं. दुसरं टेकडीवरचं, ज्याच्या छतातून पाणी गळत होतं. आठच्या आठ तीच, त्यांनी बाद केलेली. दुसरा कोणी असता तर मनातल्या मनात हसला असता. पण ग्रंथपालांचा स्वतःवर विश्वास कधी नव्हताच. साडूनं भरलंय, म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असणार.

“ही यादी कुणी दिली तुम्हाला?” चहा हातात आल्यावर त्यांनी विचारलं.

पोस्टमास्तर गालातल्या गालात हसले. “एका जाणकार माणसानं. एकेक कॉलेज पायाखाली घातलंय म्हणे त्यानं.”

“तुमच्या ओळखीतला?”

“घ्या. आता तुम्हीच विचारा. भलतेच साळसूद हो तुम्ही.”

ग्रंथपालांना चहा कडू लागला. या माणसाचे हात कुठेकुठे पोचलेत, आणि वर थट्टा करतोय. कपाटांतल्या पुस्तकांचे क्रमांक पाठ असलेल्या माणसाला आठ नावं आठवायला वही कशाला लागते? घरी येताच त्यांनी ती त्याच क्रमानं फॉर्मवर भरली.

“बाबा, नदीपलीकडचं पहिलं?” बिट्टी मागून डोकावली. “तुम्ही तर नको म्हणाला होतात.”

“म्हणालो असेन. मला काय कळतंय?”

“मला तर तेच हवं होतं.”

ते त्यांना ऐकूच गेलं नाही. तो जाणकार कोण असावा, याच विचारात ते होते. पुढचा आठवडाभर जेवताना, पुस्तकं लावताना, रस्ता ओलांडताना ते त्याच्या नावानं बोटं मोडत राहिले. असा एक माणूस आपल्याला भेटू नये आणि साडूला भेटावा.

प्रवेशाचा निकाल लागला. दोन्ही मुलांना नदीपलीकडचं कॉलेज मिळालं. संध्याकाळी पोस्टमास्तर सपत्नीक हजर.

“साडूभाऊ, उपकार झाले तुमचे.”

“माझे? कसले?”

“पुरे झाला तो विनय,” मेहुणीबाई म्हणाल्या. “तुम्ही पत्राला उत्तर देईनात, म्हणून मीच हिला फोन केला. हिनं तुमच्या वहीतून सगळी यादी वाचून दाखवली.”

“मग काय करणार?” बायको म्हणाली. “ताईला किती दिवस ताटकळत ठेवायचं? वहीत नंबर घातलेली यादी ती एकच. खिशातल्या चिठ्ठ्या तर शर्ट धुताना मी केव्हाच फेकल्या.”

ग्रंथपाल खुर्चीत बसले. ज्याचा आठवडाभर हेवा केला तो जाणकार म्हणजे आपणच, आणि ती यादी म्हणजे टाकाऊ माल. दोन पोरांची चार-चार वर्षं आपण बाद खात्यात घातली. सगळे मात्र त्यांचं कौतुक करत होते.

पुढचे पंधरा दिवस ते कॉलेजचं नाव निघालं की उठून दुसऱ्या खोलीत जात. सोळाव्या दिवशी बिट्टी कोपरापर्यंत काळे हात घेऊन घरी आली.

“बाबा, सरांनी आज अख्खा गिअरबॉक्स खोलायला लावला. मी परत जोडला तर तीन स्क्रू उरले. दादाचे दोनच उरले.” दादा म्हणजे तिचा मावसभाऊ. ते ‘दोनच’ तिनं अशा काही सुरात म्हटलं की ग्रंथपाल दचकले. तो सूर त्यांच्या फार ओळखीचा होता.

“मग?”

“मग काय, त्यालाच विचारलं. माझे कुठे बसतात ते त्याला कळलं, त्याचे कुठे ते मला.”

“त्याला विचारायचं जिवावर नाही आलं?”

“आलं ना. पण स्क्रू हातात घेऊन किती वेळ उभी राहणार?”

ग्रंथपालांनी त्याच रात्री कागद घेतला. या वेळी पेन थांबलं नाही. ‘सा. न. वि. वि. आपले पत्र वेळेवर पोचले होते. उत्तर दिले नाही, कारण आपला हेवा वाटत होता. यादी माझीच, पण ती मी नापसंत केलेल्या कॉलेजांची होती. पहिल्या कॉलेजाबाबत माझी चूक झाली, हे आता दिसते आहे. उरलेल्या सातांबद्दल माझे मत कायम आहे. आपल्या धाकट्या चिरंजीवांच्या वेळी मला विचारावे. मी लगेच कळवीन.’

सकाळी वाचनालयात जाताना कोपऱ्यावरच्या पेटीपाशी ते थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि पत्र आत सोडलं. क्षणभरानं फटीतून दोन बोटं आत घातली. पत्राचा कोपरा लागला, पण बाहेर निघाला नाही.