बंपरचा जबाब

ठेकेदार नलावड्यांच्या गाडीच्या पुढच्या बंपरने सोमवारी सकाळी रंग लावून घ्यायला साफ नकार दिला.

दिलशाद शिकलगारने तो काढून स्टँडवर आडवा ठेवला होता. डाव्या बाजूला वीतभर भेग होती. भेग पुढे सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं, मग प्लास्टिकची कांडी वितळवून सांधायचं, घासायचं, पुट्टी भरायची आणि रंग मारायचा. एकोणीस वर्षं ती हेच करत होती. ड्रिल सुरू करणार तोच बंपर म्हणाला, "ताई, आधी माझा जबाब घ्या."

"कसला?"

"भेगेत निळा रंग आहे बघा. अनसूया लोंढेंच्या शेंगांच्या गाड्याचा. त्या मांडी मोडून पडल्यात आणि हे ठेकेदार सांगतायत, बैल आडवा आला."

दिलशादने चष्मा लावून पाहिलं. रंग निळाच होता. पण ती ज्या शेडमध्ये काम करत होती, ती शेड नलावड्यांचीच होती.

दुपारी नलावडे आले. "झालं का?"

"त्याची परवानगी नाही, साहेब."

"परवानगी? तो बंपर आहे! तू घास आणि रंग मार."

"जबाब झाल्याशिवाय नाही," बंपर म्हणाला.

"तू मध्ये बोलू नकोस," नलावडे त्याला म्हणाले आणि दिलशादकडे वळले. "शेड कुणाची आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे." तिने ड्रिलची वायर सॉकेटमधून काढली आणि चौकीला फोन लावला.

हवालदार खोत आले. स्टूल ओढून बसले. "पूर्ण नाव?"

"बंपर, पुढचा."

"वय?"

"सहा वर्षं."

"धंदा?"

"मार खाणे."

खोतांनी तसंच लिहिलं. जबाब तीन पानं झाला. निळ्या रंगाचा खरवडलेला कण त्यांनी पाकिटात घालून सील केला. बंपरला सही करता येईना, म्हणून कोपऱ्याला शाई लावून ठसा घेतला.

"उद्या शेड रिकामी कर," नलावडे म्हणाले.

"करते. पण हातातलं काम अर्धं टाकायची सवय नाही मला." तिने बंपरकडे पाहिलं. "आता सांधू?"

"सांधा. पण रंग नको. बाई उभ्या राहीपर्यंत भेग दिसू दे."

तिने भेग सांधली, खरखरीतच ठेवली आणि बंपर गाडीला बसवून दिला. नलावडे खोतांबरोबर त्याच गाडीतून चौकीवर गेले.

दुसऱ्या दिवशी दिलशादने सगळं सामान स्वतःच्या अंगणात हलवलं. दुपारपर्यंत तिथे चार बंपर, एक मडगार्ड आणि एका स्कूटरची डिकी नंबर लावून बसली होती. थोड्या वेळाने खोतही आले, घरची खुर्ची आणि दोनशे पानी वही घेऊन.