अंताजीपंतांची एकोणीस मिनिटं

ठाण्याला शाळामास्तर म्हणून आलो त्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आलं, की एक म्हातारे गृहस्थ रोज सकाळी हातात घड्याळ धरून माझ्या मागून चालतात. मी तळ्याच्या कोपऱ्यावर वळलो की ते घड्याळ मिटून खिशात टाकत आणि उलट्या पावली परत जात. चौथ्या दिवशी मी थांबलो आणि विचारलं, "आपलं माझ्याकडे काही काम होतं का?"

"छे, छे. आपण साडेसात," ते म्हणाले. "देवळापासून या कोपऱ्यापर्यंत साडेसात मिनिटं. काल मात्र नऊ लागली. पोट बिघडलं होतं का?"

बिघडलं होतं.

हे अंताजीपंत. कचेरीच्या दप्तरखान्यात उभी हयात घालवून पेन्शनीत निघालेले. निरोपाच्या दिवशी साहेबाने त्यांना ते घड्याळ दिलं होतं. पत्नी वारलेली, मूलबाळ नाही. माझ्या बिऱ्हाडापासून तिसरं घर त्यांचं. दोन वेळचं जेवण खानावळीत, आणि मधला सगळा वेळ रस्त्यावर.

गावातल्या प्रत्येकाची चाल त्यांना पाठ होती. रस्त्यात कुणी भेटलं की "काय साडेसहा, बरं आहे ना?" अशी विचारपूस. एकदा एका मुलीचे वडील गल्लीतल्या एका मुलाची चौकशी करायला त्यांच्याकडे आले. पंतांनी डोळे मिटून विचार केला आणि सांगितलं, "मुलगा सहा. उन्हातसुद्धा सहाच. डोक्यात राख घालून घेणारा नाही." त्या गृहस्थांना काय कळलं देव जाणे, पण लग्न जमलं आणि संसारही नीट झाला.

सगळ्यांना हे आवडायचं असं नाही. एक वकील सहा मिनिटांचे हळूहळू नऊवर आले, तेव्हा पंत त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले. "वैद्यबुवांना दाखवा," म्हणाले. वकिलांनी त्यांना जवळजवळ हाकलूनच दिलं. पंत दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. शेवटी पीडा टळावी म्हणून वकील वैद्याकडे गेले, तर पायांवर सूज होती आणि तिचं मूळ छातीत होतं. पुढे तीन महिने त्यांना काढे घ्यावे लागले.

तर त्या वर्षी पुण्याहून येणाऱ्या एका मासिकात एक कोडं छापून आलं, आणि ते पंतांना वाचून दाखवण्याची चूक मी केली. कोडं असं. ओहोटीच्या वेळी चार माणसं खाडीतल्या एका उंचवट्यावर गेली आहेत. परत यायला एकच अरुंद बांध. त्यावर एका वेळी दोघंच चालू शकतात. चिखल कुठे खोल आहे ते चाचपायला काठी लागतेच, आणि काठी एकच. म्हणजे दोघं पार झाली की त्यांतल्या एकाने काठी घेऊन मागे यायचं. बांध ओलांडायला पहिल्याला एक मिनिट लागतं, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला पाच आणि चौथ्याला दहा. जोडीने जाताना जो सावकाश, त्याच्या चालीने चालायचं. सतरा मिनिटांत बांधावर पाणी येणार. चौघं कशी सुटतील?

मिनिटं आणि चाल. पंतांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की जणू मासिकवाल्यांनी ते त्यांच्यासाठीच छापलं होतं. क्षणभर थांबून ते म्हणाले, "सगळ्यात चपळ असेल त्याने एकेकाला पोचवावं. दोन, परतीचं एक, पाच, परतीचं एक, दहा. एकोणीस."

"पण पाणी सतराला येतं."

"येऊ दे," पंत म्हणाले. "घोटाभर भिजतील."

मला ते कोडं तिसऱ्या दिवशी शाळेच्या फळ्यावर सुटलं. मी धावतच पंतांकडे गेलो. "एक आणि दोन आधी जातात. एक परत येतो. झाली तीन मिनिटं. मग पाच आणि दहा जोडीने जातात. तेरा. पलीकडे थांबलेला दोन काठी घेऊन मागे येतो, आणि शेवटी एक आणि दोन पुन्हा जातात. सतरा बरोबर."

पंतांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कागदावर ठीक आहे हो," ते म्हणाले. "एकोणीस."

हे त्यांचं पेटंट वाक्य होतं. पंचांगातलं नक्षत्र असो, आगगाडीचं वेळापत्रक असो की खानावळीतल्या भाजीचं नाव असो, सगळं "कागदावर ठीक" असे. पण गणिताच्या मास्तराला असं म्हणणं म्हणजे भांडण. महिन्याभरात गल्लीत दोन तट पडले. सतराच्या बाजूला सगळी गल्ली, एकोणीसच्या बाजूला एकटे पंत. वैद्यबुवा तर चारचौघांत म्हणाले, "पंतांची अक्कल आता दहा मिनिटांची झाली." वैद्यबुवा स्वतः दहाचे होते. देह भला थोरला, आणि गुडघे त्याला कंटाळलेले.

मी म्हटलं, करून बघू.

चेंदणीच्या पलीकडे मिठागरं आहेत. तिथला एक जुना बांध खाडीतल्या उंचवट्यापर्यंत जातो आणि भरतीला बुडतो. मिठागरावर काम करणारा हाशा आगरी एक मिनिटाचा ठरला. कोळीवाड्यातली जानकी दोनची. पाचचे आमच्या गल्लीतले नारूभट. दहासाठी वैद्यबुवांना विचारलं, तर "मी काय बैलगाडी आहे का?" म्हणून रागावले. पंत मूर्ख ठरतील असं सांगितल्यावर मात्र तयार झाले. पंत आणि मी पंच. एका सकाळी ओहोटी असताना आम्ही सगळे त्या उंचवट्यावर गेलो आणि भरती लागायची वाट पाहत बसलो.

हाशाने खाडीकडे पाहिलं. "पानी आयलं," तो म्हणाला.

पंतांनी घड्याळ उघडलं. हाशा आणि जानकी झपाझप पार झाली. हाशा काठी घेऊन परत आला. तीन मिनिटं. मी पंतांकडे विजयी नजरेने पाहिलं. पंत माझ्याकडे बघतच नव्हते. मग नारूभटांनी काठी घेतली, वैद्यबुवा त्यांच्या मागे निघाले.

अर्ध्या वाटेवर बांध थोडा खचला होता आणि तिथून पाणी झिरपायला लागलं होतं. ते पाहून नारूभटांनी "नारायण, नारायण" म्हणत पाय उचलला. जोडीने चालायचं हे त्यांना माहीत होतं, पण पायांना माहीत नव्हतं. काठी त्यांच्या हातात. बघता बघता ते पलीकडच्या टोकाला पोचले आणि मग त्यांनी मागे वळून पाहिलं. वैद्यबुवा बांधाच्या मधोमध उभे होते. एक पाय चिखलात रुतलेला, हात हवेत.

"अहो, कुणी तरी या," ते म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता.

मी हाशाला काही सांगणार, तोवर पंत बांधावर उतरलेही होते. घड्याळ त्यांनी माझ्या हातात कोंबलं होतं. काठी नाही, वय पासष्टाच्या पुढचं. पायाने चाचपत चाचपत ते वैद्यबुवांपर्यंत गेले, वाकून त्यांचा पाय चिखलातून मोकळा केला, आणि मला स्पष्ट ऐकू आलं, "मी मागे आहे. तुमच्या चालीने चला. कसलीही घाई नाही."

पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. दोघं एक एक पाऊल टाकत पलीकडे गेली. किती वेळ लागला ते मी पाहिलं नाही. मग जानकीच्या नवऱ्याने होडी आणून हाशाला आणि मला पलीकडे नेलं.

वैद्यबुवा तडक घरी गेले. नारूभट त्यांच्या आधीच गेले होते. पंत काठावर बसून धोतराचा सोगा पिळत होते. मी शेजारी बसलो आणि त्यांचं घड्याळ त्यांना दिलं.

"पंत, खरं सांगा. सतराचं उत्तर तुम्हाला ठाऊक होतं."

"पहिल्याच दिवशी. तुम्हाला तीन दिवस लागले."

"मग कबूल का नाही केलंत?"

"ती दोघं सावकाश चालणारी. त्यांना एकमेकांवर सोडून द्यायचं मला पटेना. त्यातला जो जरा चपळ असतो ना मास्तर, तो पुढे निघून जातो. मुद्दाम नाही जात. जातो."

पंतांनी दुसरा सोगा पिळायला घेतला.

"मी बत्तीस वर्षं पुढे चाललो. मी पुढे, ती मागे, अशीच रीत. देवळात, लग्नकार्याला, कुठेही. मी घरी पोचून पाय धुऊन पाणी पिऊन बसलो, की मग ती दारात यायची. किती वेळाने यायची, ते कधी पाहिलं नाही. पुढे घड्याळ खिशात आलं, तरी नाही. शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा वैद्यबुवांनी विचारलं, यांना चालताना दम कधीपासून लागत होता? मला सांगता येईना."

पंतांनी घड्याळ उघडलं आणि मिटलं.

"साऱ्या ठाण्याची मिनिटं मला तोंडपाठ आहेत," पंत म्हणाले. "तिची नाहीत." मग त्यांनी खाडीकडे पाहिलं आणि विचारलं, "पानाची चंची आणली आहे का तुम्ही?"

पुढच्या महिन्यात मासिकात उत्तर छापून आलं. सतरा. मी अंक कुणाला दाखवला नाही, आणि वैद्यबुवांनीही त्याची चौकशी केली नाही.

त्यानंतरच्या चतुर्थीला आम्ही नवराबायको टिटवाळ्याच्या गणपतीला गेलो. कल्याणपर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी, आणि शेवटचा थोडा रस्ता पायी. गाडीतून उतरल्यावर मी नेहमीसारखा भराभर निघालो. वीसेक पावलांवर थांबलो. मंडळी पदर सावरत, हातात नैवेद्याचा डबा घेऊन येत होत्या. त्या जवळ येईपर्यंत मी उभा राहिलो आणि मग त्यांच्या बाजूने चालू लागलो. समोरून येणारे लोक बघत होते. त्याही डोक्यावरचा पदर पुढे ओढून बऱ्याच वेळा माझ्याकडे चोरून पाहत होत्या.

देऊळ दिसायला लागलं तेव्हा त्यांनी अगदी हळू विचारलं, "पाय दुखतोय का आपला?"

"थोडा," मी म्हणालो.