दोन टीबीचा मान

आरोहीच्या लग्नाच्या याद्या तीन होत्या. किराण्याची यादी द्वारकाबाईंकडे, दागिन्यांची आरोहीच्या मोबाइलमध्ये, आणि फेट्यांची यादी बब्रुवानरावांच्या बंडीच्या आतल्या खिशात, छातीला लागून. पहिल्या दोन याद्या कुणीही बघाव्यात, तिसरीला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

त्याला कारणही तसंच होतं. पाच वर्षांपूर्वी मुलाच्या, कृष्णराजच्या लग्नात अणदूरचे साडू बलभीमराव भरल्या ताटावरून उठून गेले होते. सगळ्या पाहुण्यांना फेटे बांधले, मला तेवढा बांधला नाही, असं त्यांचं म्हणणं. बांधला, मी या डोळ्यांनी बघितला, असं बब्रुवानरावांचं. शेवटी निकाल शूटिंगवर सोडला. शूटिंग आलं, अख्खं घर टीव्हीपुढे बसलं, मानपान सुरू झाला आणि पडदा काळा पडला. शूटिंगवाल्याच्या कार्डात आधीच कुणाचं तरी बारसं भरलेलं होतं, त्यामुळे फेट्यांना जागाच उरली नव्हती.

तेव्हापासून दोन साडवांचं तोंड दोन दिशांना. त्यात भरडल्या गेल्या त्या दोघी बहिणी. द्वारकाबाई आणि त्यांची आक्का धुरपताबाई पाच वर्षं फक्त फोनवर बोलत होत्या, आणि तेही नवरे शेतात गेल्यावर. आता लेकीचं लग्न ठरलं तेव्हा द्वारकाबाईंनी एकच वाक्य बोलून दाखवलं.

"माझी आक्का आल्याबिगर आरोहीला हळद लागायची न्हाय."

बब्रुवानरावांनी मान खाली घातली, पत्रिका घेतली आणि अणदूर गाठलं. बलभीमरावांनी चहा पाजला, पत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "येऊ की. बघू ह्या बारीला काय व्हतंय ते."

तो 'बघू' बब्रुवानरावांच्या पायात बाभळीच्या काट्यासारखा मोडला. त्यांनी वाटेतच ठरवलं, या वेळी पुरावा सोडायचा नाही. शूटिंगवाला कुणीही असो, कार्ड आपलं घ्यायचं. आणि असं घ्यायचं, की सात पिढ्यांची लग्नं त्यात बसावीत.

देवीपुढे पत्रिका ठेवायला ते तुळजापूरला गेले, तेव्हा दर्शन झाल्यावर तडक गुरुप्रसादच्या मोबाइलच्या दुकानात शिरले.

"सगळ्यात मोठं कार्ड दाखवा."

"कशात घालायचंय, काका?"

"लग्नात."

गुरुप्रसादने हसू दाबून एक पाकीट पुढे ठेवलं. "हे एकशेअठ्ठावीस जीबीचं. लग्नाला बक्कळ झालं. आणि वेगवान आहे, कॅमेरा अडकणार नाही. बिल देतो, वॉरंटी देतो."

"आन ह्याच्यापेक्षा मोठं?"

"मोठं असतं की. पाचशेबारा जीबी, त्याच्यावर एक टीबी. पण काका, नुसतं मोठं बघू नका. गोदाम मोठं आणि दार खिडकीएवढं असलं तर पोती आत जाणार कशी? परवाच अणदूरचे एक जण हेच घेऊन गेले. त्यांनाही लग्नाचंच शूटिंग करायचं होतं."

बब्रुवानरावांच्या डोक्यात दार, खिडकी, अणदूर यातलं काहीच राहिलं नाही. राहिलं ते एवढंच, की जीबीपेक्षा टीबी मोठं. किंमत ऐकून "येतो फिरून" म्हणत ते बाहेर पडले. गाडीतळाकडे जाताना कवड्यांच्या माळांच्या ओळीत एकाने चादरीवर चार्जर, हेडफोन आणि कार्डं मांडली होती. त्यातल्या एका कार्डावर सोनेरी आकड्यांत लिहिलं होतं, दोन टीबी. दुकानातल्या कार्डाच्या चौथाई किमतीला! बब्रुवानरावांनी देवीच्या कळसाकडे बघून हात जोडले आणि कार्ड बंडीत, फेट्यांच्या यादीशेजारी ठेवलं.

आता बब्रुवानराव काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. पेरणीआधी सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळणारा, सत्तरच्या वर उगवले तरच पोतं फोडणारा माणूस तो. धाराशिवहून शूटिंगवाला यज्ञेश आला, तेव्हा त्यांनी त्याला आधी अंगणात उभं केलं.

"उगवण बघू आधी. घाल कार्ड, कर शूटिंग."

"कुणाचं करू, काका?"

अंगणात तेव्हा म्हैस होती. यज्ञेशने अकरा मिनिटं म्हशीचं शूटिंग केलं. मग सगळ्यांनी ते कॅमेऱ्यात पाहिलं. म्हशीच्या नाकावरची माशीसुद्धा मोजून घ्यावी इतकं स्वच्छ चित्र होतं.

"काका, चित्र चांगलंय," यज्ञेश मान खाजवत म्हणाला, "पण मला ह्या कार्डाचा भरवसा न्हाय. माझं कार्ड वापरू."

"तुझ्या कार्डात कुणाचं बारसं हाय?"

"कुणाचंच न्हाय, काका."

"मग ते मोकळंच राहू दे. हेच वापरायचं. आन काम झालं की कार्ड माझ्या हातात द्यायचं."

त्याप्रमाणे हळदीच्या दिवशी शूटिंग झाल्याबरोबर बब्रुवानरावांनी कार्ड काढून घेतलं, कपाटात सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी ठेवलं आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवली. सकाळी स्वतःच्या हाताने परत दिलं. यज्ञेशला ते उघडून बघायची सवड मिळालीच नाही.

लग्नाच्या दिवशी मांडवात फेटेवाला बसला आणि बब्रुवानरावांनी खिशातून यादी काढली. पहिलं नाव होतं भूमच्या बाबूरावांचं. बाबूराव म्हणजे बब्रुवानरावांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पंचाहत्तरी ओलांडलेले, पहिला मान त्यांचाच. नाव पुकारलं, पेन्सिलीने बरोबरची खूण केली, बाबूराव टोपी काढून पुढे आले, आणि तेवढ्यात मांडवाच्या दारात बलभीमराव दिसले.

"दाजी, तुमी काय, घरचेच," बब्रुवानराव घाईने म्हणाले. "जरासं सरा बाजूला. आधी अणदूरकर."

बाबूराव बाजूला सरले. बलभीमरावांना खुर्चीवर बसवलं. फेटा निम्मा झाला तोच कुणीतरी कॅमेऱ्यापुढून परात घेऊन गेलं.

"सोडा फेटा! पुन्ना बांधा!"

दुसऱ्यांदा बांधला तर तुरा कॅमेऱ्याच्या उलट्या बाजूला आला. पुन्हा सोडला. तिसऱ्यांदा फेटेवाल्याने ओठ आवळून बांधला, तेव्हा कुठे बब्रुवानराव शांत झाले. "यज्ञेश, आलं का?" "आलं, काका." "तोंड दिसतंय?" "दिसतंय." "तुरा?" "तुरा पण." समोर धुरपताबाई दोन्ही हातांनी मोबाइल धरून उभ्या होत्या, पण हल्ली लग्नात मोबाइल धरून कोण उभं नसतं? मुहूर्त जवळ आला तशी उरलेली चाळीस नावं झपाट्याने उरकली. यादीवर एकूण एक नावापुढे खूण झाली. बलभीमराव पोटभर जेवले, दोनदा मठ्ठा मागितला आणि जाताना म्हणाले, "शूटिंग आलं की कळवा. बघायला येतो."

चौथ्या दिवशी यज्ञेश, जोडकामासाठी मागून नेलेलं कार्ड आणि लॅपटॉप घेऊन आला. त्याचा चेहरा बघूनच द्वारकाबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"काका, हे कार्ड आतून आठ जीबीचं हाय. वर नुसतं दोन टीबी लिवलंय, आन कॅमेऱ्याला पण ते तसंच खोटं सांगतंय. आठ जीबी भरल्यावर जे घातलं ते सगळं गेलं."

"आठ जीबीत काय काय बसलं?"

यज्ञेशने लॅपटॉप फिरवला. अकरा मिनिटं म्हैस. त्यानंतर हळद सुरू झाली, आरोहीच्या एका गालाला लागली, दुसऱ्या गालाकडे हात निघाला आणि पडदा काळा.

सासरहून पाचपरतवणीला माहेरी आलेली आरोही मुसमुसत आत गेली. द्वारकाबाई मात्र तिथंच उभ्या राहिल्या.

"पोत्यात तळापतूर सळी घालून माल बघता तुमी. आन हितं वरचे चार दाणे बघून भुललात?"

लेकीचं लग्न गेलं होतं, ते एक. आणि आता बलभीमराव येणार, म्हैस बघणार आणि पुढली पाच वर्षं पुन्हा बोलायचे नाहीत. त्यांनी घाबऱ्या घाबऱ्या एक मसलत काढली. "आपण असं करू, सत्काराला म्हणून बोलावू. फेटेवाला हायच. पुन्ना बांधू, यज्ञेश शूटिंग घेईल."

"आन मागं मांडव? नवरी? चारशे माणसं?" द्वारकाबाई म्हणाल्या. "चला अणदूरला. खरं ते सांगून मोकळं व्हा. माझी आक्का आत्ता कुठं मिळाली मला. खोट्यापायी पुन्ना न्हाय घालवायची मला तिला."

बब्रुवानराव मुकाट्याने चपला घालू लागले.

अणदूरच्या घराच्या उंबऱ्यातच त्यांना मंगलाष्टकं ऐकू आली. आत टीव्ही चालू होता. टीव्हीवर एक प्रचंड मोठा गुलाबी फेटा दिसत होता, आणि फेट्याखाली बलभीमराव. खऱ्या बलभीमरावांनी चटकन रिमोट पाठीमागे लपवला.

"या, या साडूभाऊ. हे आपलं… सहज."

"साडूभाऊ, माझी चूक झाली," बब्रुवानराव उभ्या उभ्याच म्हणाले. "शूटिंग सगळं गेलं. कार्ड खोटं निघालं. तुमचा फेटा, माझ्या पोरीचं लगीन, कायबी ऱ्हायलं न्हाय. पण देवीची आण, फेटा बांधला व्हता."

बलभीमरावांनी रिमोट पुढे आणला.

"आता तुमी खरं बोललात, तर म्याबी बोलतो. तुळजापुरातून चांगलं कार्ड आणलं मी. एकशेअठ्ठावीसचं. हिला सांगितलं, मांडवात पाय ठेवल्यापासून निघेपर्यंत माझ्यावरून मोबाइल हलवायचा न्हाय. फेटा न्हाय बांधला, तर पुरावा पाहिजे म्हणून."

"तीन तास हात वर धरला व्हता मी," आतून धुरपताबाई म्हणाल्या. "खांदा आजून दुखतोय."

मग सगळे खाली बसले आणि आरोहीचं लग्न पाहिलं. सगळं होतं त्यात. नवरदेव आला, तो बलभीमरावांच्या डाव्या कानामागून. अक्षता पडल्या, त्या त्यांच्या तुऱ्यावर. सप्तपदीची सहा पावलं दिसली, सातव्याला बलभीमरावांनी नेमकी शिंक दिली. पाठवणीच्या वेळी आरोही आईच्या गळ्यात पडली, तेव्हा दोघी फेट्याच्या शेमल्याशेजारी अंगठ्याएवढ्या दिसत होत्या. तरी द्वारकाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. त्या धुरपताबाईंच्या दुखऱ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या आणि धुरपताबाईंनी हूं की चूं केलं नाही. बब्रुवानरावांना वाटलं, या एका गोष्टीसाठी आणखी दोन टीबी गेले असते तरी चाललं असतं.

"ह्याची कापी देता?" त्यांनी विचारलं.

"अवो, तुमचंच लगीन हाय ते," बलभीमराव म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली घेतला. "आन त्या बारीला… त्या बारीलाबी बांधला असंल. मला नीट याद न्हाय आता."

पाच वर्षांचं ओझं एका वाक्यात उतरलं. चहा झाला, शेंगादाण्याची पोळी झाली, धुरपताबाईंनी बहिणीला हाताने घास भरवला. टीव्हीवर शूटिंग पुन्हा पहिल्यापासून लागलं होतं. बब्रुवानराव आता निवांत मागे टेकून पडद्याकडे पाहू लागले, आणि पाहता पाहता सरळ झाले.

बलभीमरावांच्या मागे एक उघडं डोकं होतं. पांढरे केस, तेल लावून चापून बसवलेले. टोपी हातात. फेटा पहिल्यांदा बांधला तेव्हा ते डोकं तिथं होतं, दुसऱ्यांदा होतं, तिसऱ्यांदाही होतं. नंतर चाळीस माणसं फेटे बांधून गेली, तरी ते डोकं तसंच, बाजूला सरून, शांतपणे उभं.

बब्रुवानरावांनी बंडीतून यादी काढली. पहिलं नाव, बाबूराव. पुढे ठसठशीत बरोबरची खूण. नाव पुकारताच केलेली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. भूमहून होता.

"मेहुणे, शूटिंग आलं का?" बाबूराव अगदी गोड आवाजात म्हणाले. "मला एवढंच बघायचं व्हतं, की फेट्याला मी कुठं बसलो व्हतो. म्हातारपण, ध्यानात ऱ्हात न्हाय."

बब्रुवानरावांना चादरीवर कार्ड विकणाऱ्या त्या माणसाला मनातल्या मनात आशीर्वाद द्यावासा वाटला. "काय सांगू दाजी, नशीब खोटं!" ते जवळजवळ आनंदाने म्हणाले. "कार्डच बोगस निघालं. नुसती म्हैस ऱ्हायली बघा. फेट्याचं एक चित्र न्हाय, कुणाचंच न्हाय!"

समोर बलभीमराव तळवे हलवत, खुणा करत, अभिमानाने काहीतरी सांगत होते. बब्रुवानरावांनी फोनवर हात ठेवला. "काय?"

"काळजी करू नका म्हणा त्यास्नी! फेटा बांधतानाचा सगळा भाग सकाळीच पाव्हण्यांच्या ग्रुपवर टाकलाय मी. बघा म्हणावं!"

बब्रुवानरावांनी फोन हळूच पुन्हा कानाला लावला. बलभीमरावांचा आवाज हाताआडूनही तिकडे पोचला होता. आधी सनईचा आवाज आला, मग "सोडा फेटा! पुन्ना बांधा!" हा त्यांचा स्वतःचाच आवाज. मग बाबूराव काहीतरी बोलले आणि फोन बंद झाला.

"काय म्हणतेत भूमचे पाव्हणे?" द्वारकाबाईंनी विचारलं.

बब्रुवानरावांनी यादीची नीट घडी घातली.

"शूटिंग लई स्वच्छ आलंय म्हणतेत," ते म्हणाले.