मिश्र भावनेची किरकोळ रजा

भोरच्या एका सरकारी कचेरीतील कनिष्ठ लिपिक मतीन याचे किकवीच्या गुलनाजशी असलेले चार वर्षांचे प्रेमसंबंध ९ जून १९९८ रोजी एसटी स्टँडवर संपुष्टात आले. मतीन रडला. मग त्याने दोन प्लेट मिसळ हाणली, कारण गुलनाजला त्याचं तिखट खाणं खपत नसे. मिसळ खाता खाता तो पुन्हा रडला. अशा अवस्थेत जावक नोंदवही लिहिणं धोक्याचं, म्हणून त्याने दुसऱ्या दिवशीची किरकोळ रजा मागितली आणि कारण लिहिलं, 'दुःख व सुटका'. सरकारी कागदावर खरं लिहिण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

हेडक्लार्क केशवरावांनी चष्मा कपाळावर नेला.

"दोन्ही कसं चालंल? दुःख असंल तर रजा. सुटका असंल तर पेढे."

"भाऊसाहेब, खरंच दोन्ही हाय. किकवीच्या गुलनाजशी माजं मोडलं."

"रकाना एकच हाय. दुःख लिवा आन् तिचा दाखला जोडा, संबंध होते आन् कायमचे संपले म्हनून. न्हाई आनला, तर खोटी माहिती दिली म्हनून वर कळवतो."

तेव्हा मागितलेल्या रजेच्याच दिवशी मतीन रजेचा दाखला आणायला किकवीला गेला. गुलनाज शिलाई मशीनवर बसली होती. तिने अर्जाची नक्कल वाचली. 'सुटका' वाचून ती फणकारली, 'दुःख' वाचून तिचे डोळे भरले.

"मला बी आसंच हुतंय," ती म्हणाली. "डोकं शांत हाय, आन् जेवन जात न्हाई. मतीन, लई झालं. मोडलेलं परत जोडू."

मतीनला हेच हवं होतं. त्याला भयंकर आनंद झाला. पण जोडावं तर अर्ज खोटा ठरणार, आणि त्याला नोकरीत कायम करण्याचा कागद अजून केशवरावांच्याच टेबलावर होता.

"आधी सही कर," तो म्हणाला. "बाकीचं रजा मंजूर झाल्यावर बघू."

गुलनाजने त्याच्याकडे नीट पाहिलं. दाखल्यावर सही केली, आणि त्यातल्या 'कायमचे' या शब्दाखाली आपल्या हाताने ठळक रेघ ओढली.

रजा मंजूर झाली. दुःख आता एकटंच उरलं होतं, त्यामुळे नियमात चोख बसलं.

मतीनला हसताय? परवा कोणीतरी "कसं चाललंय?" असं विचारलं, तेव्हा तुमच्या घरात काय काय चाललं होतं? "मजेत," म्हणालात. आणि तुमच्याकडे तर कोणी दाखलाही मागितला नव्हता.