बकुलेशने शोधलेले गाल

एका जंगलात, मुलांनो, आरसा नव्हता. तळं होतं. ज्याला आपलं तोंड बघायचं असेल त्याने तळ्यावर जावं, वाकावं आणि बघावं. फुकटची सोय होती.

पण तळ्याच्या काठावर एक बगळा उभा असे. एका पायावर. कुणी तोंड बघायला वाकलं की तो वरून बघायचा आणि हळूच "अं" म्हणायचा. एवढंच. बाई घरी जायची आणि दिवसभर त्या "अं"चा विचार करत बसायची. दुसऱ्या दिवशी परत यायची आणि विचारायची, काय चुकलंय माझं? अशा रीतीने तो त्या जंगलातला थोर फॅशन डिझायनर झाला. पूर्वी त्याचं नाव बगाराम होतं. आता बकुलेश.

हसू नका. ही गोष्ट सांगणाऱ्या तुमच्या मावशीने एका "अं"पायी एका लग्नात तीन साड्या बदलल्या आहेत.

तळ्याजवळच्या जांभळीवर माकडांचा एक कळप राहायचा. त्यात लवंगी नावाची माकडीण होती. बकुलेशची तिच्याएवढी भक्त दुसरी कुणी नसेल. त्याची गळून पडलेली तीन पिसं तिने ढोलीत जपून ठेवली होती. ती पोरीबाळींना सांगायची की बकुलेशच्या आधी माकडिणी नुसत्या असायच्या, दिसायला लागल्या त्या त्याच्यामुळे. आणि हे ती अगदी मनापासून सांगायची.

आता माकडाच्या गालात पिशव्या असतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. फळ दिसलं की कोंबायचं गालात आणि खायचं पुढे सवडीने. देवाने दिलेले खिसेच ते.

एके दिवशी बकुलेशने लवंगीच्या गालांकडे बघितलं. त्यांत तेव्हा सात करवंदं होती.

"बाईच्या देहाला एक रेषा असते," तो म्हणाला. "गाल त्या रेषेच्या आड येतात."

रेषा म्हणजे काय ते लवंगीला कळलं नाही. म्हणूनच तिला ते फार खोल वाटलं. तिने सातही करवंदं तिथल्या तिथे बियांसकट गिळून टाकली.

मग बकुलेशने गालपट्टा काढला. वेलीच्या सालीचा रुंद पट्टा. हनुवटीखालून वर घ्यायचा आणि डोक्यावर गाठ मारायची. गाल चप्प बसायचे. पट्टा हवा तर एक मासा आणून द्यायचा, म्हणजे बकुलेशला पाण्यात उतरायला नको. पहिला पट्टा अर्थात लवंगीने बांधला. पंधरवड्यात झाडावरच्या साऱ्या बायका दाढ दुखत असल्यासारख्या दिसू लागल्या.

कुणीतरी विचारलं, पुरुषांच्या गालांचं काय? बकुलेश म्हणाला की पुरुषाच्या गालांना रेषा नसते, नुसता उपयोग असतो. तेव्हा पुरुषांचे गाल होते तसेच राहिले.

मग झाडावर नवं बोलणं सुरू झालं. अहो, माझी एवढी दोन बोरं ठेवता का तुमच्या गालात? नवरे ठेवायचे. नाही कशाला म्हणतील? फक्त नंतर मागितली की त्यांतली आपली कुठली आणि बायकोची कुठली, हे त्यांना आठवायचं नाही.

पट्टा बांधला नाही तो एकट्या भोकराबाईने. ही लवंगीची सासू. तिचे गाल कायम फुगलेले, आणि भरल्या गालांनी बोलायची तिला जन्माची सवय.

"दोन हातांनी झाड धरायचं, आणि पोर सांभाळायचं का शिदोरी?" ती म्हणायची. "मला बाई गाल लागतात."

लवंगीला सासूची लाज वाटायची. तळ्यावर जाताना ती सासूपासून दहा फांद्या लांबून चालायची.

वैशाख आला. दर वैशाखात कळप पलीकडच्या राईत उंबरं खायला जायचा. मध्ये उघडा कातळ होता. दिवसभराची वाट, झाड नाही, सावली नाही. ज्याने त्याने आपली शिदोरी गालात घेऊन निघायचं. लवंगीच्या छातीशी तेव्हा पंधरा दिवसांचं पिल्लू होतं. तिने आपल्या वाटणीची करवंदं नवऱ्याच्या गालात ठेवली. नवऱ्याचं नाव धोंडोपंत. स्वभावाने खरोखर चांगला.

ऊन डोक्यावर आलं तसं लवंगीच्या अंगातलं दूध आटलं. पिल्लू ओढायचं, रडायचं, परत ओढायचं. तिने धोंडोपंतांकडे करवंदं मागितली. धोंडोपंतांनी जीभ इकडून तिकडे फिरवून बघितलं. मग खाली मान घालून म्हणाले, गालातलं पोटात कधी गेलं ते कळलंच नाही. त्यांना वाईटही वाटलं. पण वाईट वाटल्याने दूध येत नाही.

थोड्या वेळाने पिल्लू रडायचं थांबलं, आणि तेव्हा लवंगी खरी घाबरली. त्याची मान तिच्या हातावर लुळी पडली होती. बकुलेश, रेषा, ढोलीतली पिसं, सगळं तिच्या डोक्यातून गेलं. हे पोर जगू दे, एवढंच उरलं.

दहा हात मागून भोकराबाई आली. गालात बोट घातलं आणि एकेक करत अकरा करवंदं काढून सुनेच्या हातावर ठेवली. करवंदं ओली होती, कोमट होती. एरवी लवंगीला किळस आली असती. तिने गालपट्टा ओरबाडून कातळावर फेकला आणि सगळी खाल्ली. ऊन उतरता उतरता दूध आलं. पिल्लू चुटूचुटू प्यायला लागलं. लवंगी रडली, सासूच्या पाया पडली, आणि परत गेल्यावर त्या बगळ्याला चांगलं फैलावर घेईन, अशी शपथ तिने सगळ्यांसमोर घेतली.

आठ दिवसांनी कळप परतला. लवंगी तडक तळ्यावर गेली. मागे सगळ्या बायका. काय काय बोलायचं ते तिने वाटेत घोकून ठेवलं होतं. फक्त एक झालं. आता पुन्हा उपाशी राहायचं नाही म्हणून तिने दोन्ही गालांत उंबरं ठासून भरली होती, आणि भरल्या गालांनी बोलायची सवय वर्षभरात मोडली होती. ती बगळ्यासमोर उभी राहिली आणि तिच्या तोंडून नुसतं "ब्ब" निघालं.

बकुलेशने दुसरा पायही खाली टेकवला. असं त्याने कधी केलं नव्हतं.

"हलू नका," तो म्हणाला. "हेच. हेच मी शोधत होतो. कर्त्या बाईचा भरीव गाल."

बायका थक्क झाल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बकुलेशने जाहीर केलं की या मोसमापासून बाईच्या गालात वस्तू ठेवता येतील, आणि ज्यांना असे गाल हवे असतील त्यांनी येताना दोन मासे आणावेत. रांग लागली.

लवंगी घोकलेलं आठवत उभी होती. तिला राग आठवला. कातळ आठवला. मग तिने वाकून तळ्यात बघितलं. गाल खरंच छान दिसत होते. आणि या खेपेला तो "अं" म्हणाला नव्हता.

संध्याकाळी ती दोन मासे देऊन घरी आली. भोकराबाई फांदीवर बसून उंबर चघळत होती.

"अगं, माझे गाल जन्मापासून असेच आहेत की," ती म्हणाली.

लवंगी सासूजवळ बसली. तिचा हात हातात घेतला. आता तिचं सासूवर खरंच प्रेम होतं.

"तुमचे नुसते भरलेत, आत्याबाई," ती हळुवारपणे म्हणाली. "हे बकुलेशचे आहेत."

तात्पर्य: देवाने दिलेल्या सोयीचं कुणी कौतुक करत नाही. ती आधी बाईकडून काढून घ्यावी, मग थोडी महाग करून परत द्यावी, म्हणजे बाई आपल्याला द्रष्टा म्हणते. (मूळ तात्पर्य याहून बरं होतं. ते मी एका कागदावर लिहून आणलं होतं. पण माझ्या या नव्या कुडत्याला खिसा नाही, म्हणून कागद नवऱ्याकडे दिला, आणि तो आता त्याला सापडत नाही.)