सुती, लोकरी आणि जरीचं दुखणं

आमचे घरमालक शंकरअण्णा तुमचं दुखणं कसं आहे ते विचारत नाहीत. ते विचारतात, कसलं आहे. म्हणजे सुती, लोकरी की जरीचं.

अण्णांची उभी हयात चिकपेटच्या कापडबाजारात, एका साड्यांच्या दुकानात गेली. त्यामुळे दिसेल ती वस्तू त्यांना आधी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरावीशी वाटते. पडदे, पालकाची पानं, माझ्या कुर्त्याची बाही, सगळं. "हात लावल्याशिवाय मालाबद्दल बोलू नये," हे त्यांचं लाडकं वाक्य. दुखण्याला हात लावता येत नाही ही अडचण त्यांनी आपल्या परीनं सोडवली आहे. दिवसभर अंगावर असतं पण कामं होतात, ते सुती. गरम होऊन ठणकतं, ते लोकरी. एरवी गुण्यागोविंदानं राहतं आणि मध्येच टोचतं, ते जरीचं.

माझ्या दाढेचं रूट कॅनाल ठरलं, तेव्हा मी त्यांच्यासमोर तोंड उघडायला नको होतं. त्यांच्या घरात आधीच दोन दाढा झाल्या होत्या. पहिली त्यांच्या पत्नीची, सरोजाअक्कांची, इथेच बसवनगुडीत. आठवडाभरानं अण्णा एकटेच के. आर. पुरमला कुणा ओळखीच्या डॉक्टरकडे गेले आणि आपलीही करून आले. तीही डावीच.

"हिच्यात जुना माल भरलाय," ते मला समजावू लागले. "गुलाबी, रबरासारखा. गट्टा पर्चा म्हणतात. तो चिकटवायला लवंगेच्या वासाचा लेप. माझ्यात रबर तोच, पण लेप नवीन, सिमेंटसारखा. दोन्ही वापरून बघायचे आणि मग बोलायचं, की नाही?"

मग रोज सकाळी फाटकापाशी गालावर हात ठेवून बातमीपत्र, मध्ये मध्ये कानडी 'सरी', म्हणजे 'ठीक', पेरत. "काल कॉफीपर्यंत सरी होतं बघा. मग पोळीचा काठ चावला आणि जर टोचली."

"आणि अक्कांचं?"

"तिला विचारा, बरं आहे म्हणते."

माझ्या डॉक्टरीणबाईंकडे ते माझ्यासोबत आले. मी नको म्हणत होते. "काय काय माल आहे ते जरा दाखवा," म्हणून त्यांनी बाईंकडून एक गुलाबी काडी मिळवली, चिमटीत चोळली, उजेडात धरली, हळूच ताणून पाहिली आणि म्हणाले, "सरी. दुसरं दाखवा." मी बधिर जबडा घेऊन खुर्चीत आडवी. बाई बिचाऱ्या सोशिक. म्हणाल्या, भरलंय काय यावर दुखणं फारसं ठरत नाही, दात आधी किती दुखरा होता यावर जास्त ठरतं. चावताना काही दिवस टोचतं आणि कमी होत जातं. वाढलं किंवा सूज आली तर लगेच यायचं.

"आणि माणूस सांगतच नसेल तर?" अण्णांनी विचारलं.

"मग मला कसं कळणार?" बाई हसल्या. मला वाटलं, माझ्या तोंडातल्या कापसावरून चाललंय.

माझी दाढ चार दिवसांत निवळली. अण्णांची काही ऐकेना. त्यांच्या घरात रोज मऊ भात, खिचडी, उप्पिट. अक्कांच्या हातची कोडबळी, म्हणजे आपली कडबोळीच, पण दाताची जास्त परीक्षा पाहणारी, बंद झाली. मऊ भाताला आजाऱ्याचं जेवण म्हणून नाक मुरडणारा हा माणूस रोज दोनदा तोच खात होता. नाजूकपणाची हद्द झाली, असं मी मनात म्हणून घेतलं.

पुढच्या शनिवारी पडद्याचं कापड आणायला चिकपेटला गेले, तर अण्णा त्यांच्या जुन्या दुकानाच्या गादीवर बसून कोडबळी खात होते. डाव्या दाढेनं. आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

मला बघून त्यांनी पुडी पुढे केली. "घ्या. आणि घरी बोलू नका."

"तुमची दाढ?"

"मला काय झालंय? मी के. आर. पुरमला भाच्याच्या घरी झोपलो होतो."

"मग रोज टोचतं म्हणता ते?"

"ते हिचं." त्यांनी तुकडा हातातच ठेवला. "ही ताप आला तरी सांगत नाही. लग्नापासून बघतोय. स्वतःसाठी कधी वेगळा मऊ भात लावणार नाही, माझ्यासाठी मात्र लगेच लावते. मी समोर बसून बघत असतो, घास कुठल्या बाजूला फिरवते, कप कुठं टेकवते. हात तर लावता येत नाही ना. आता कमी होत चाललंय. वाढलं असतं तर उचलून नेली असती."

मला हसू यायला हवं होतं. पण मी उगाच कापडाचा भाव विचारला.

दुसऱ्या दिवशी अक्का वर आल्या. "यांची दाढ काय म्हणते हो? तुमच्याशी बोलतात म्हणून विचारते. मला तर कंटाळा आला मऊ भाताचा. कोडबळी करू का?"

"तुमची दाढ कशी आहे, अक्का?"

"माझं काय. चावताना मध्येच स्वल्प टोचतं, तेवढंच."

"अण्णांचं अजून टोचतंय," मी म्हणाले. "थोडे दिवस मऊच राहू द्या."

अक्कांनी निःश्वास सोडला. "सरी," जिना उतरता उतरता त्या म्हणाल्या, "फार नाजूक आहेत हो ते."